थोरला साडेपाच, धाकटा अडीच: दोन मुलग्यांचं घर चालवताना

एक मूल असताना बसलेली घरची घडी दुसरं चालायला लागलं की विस्कटते. थोरल्याच्या हातातली वस्तू धाकट्याच्या घशात अडकू शकते. धाकट्याची झोपायची वेळ थोरल्याला फार लवकर वाटते. ताप दोघांना एकच असला तरी औषधाचं माप वेगळं असतं. त्यामुळे घरातली प्रत्येक गोष्ट दोन वयांनी मोजायची सवय लावून घ्यावी लागते. खाली थोरला पाच-सहा वर्षांचा आणि धाकटा दोन-तीनचा धरला आहे. दोघांत वर्षभराचंच अंतर असेल तर भांडणाचा भाग जास्त उपयोगी पडेल, खेळण्यांचा थोडा कमी.

आधी जमीन बघा

जमिनीवर पालथं पडून खोलीभर नजर फिरवा. कपाटाखाली गेलेला ठोकळा, पेन्सिलीचं टोपण, तुटलेल्या गाडीचं चाक उभ्याने दिसत नाही, धाकट्याला मात्र नेमकं तेच आधी दिसतं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात सुटे भाग किती लहान चालतील हे तपासायला कारखान्यात जेमतेम ३.२ सेंटिमीटर व्यासाची नळी वापरतात. घरी टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी रुंद असते, म्हणजे चाचणी जास्त कडक होते. त्या नळीतून जे आरपार जातं ते धाकट्याच्या हाताला लागता कामा नये.

दोन वस्तूंची मात्र चाचणीही करू नका, सरळ हलवा. पहिली म्हणजे नाण्यासारखे चपटे बटन सेल. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. रिमोट, बोलणारी पुस्तकं, चमकणारी खेळणी यांचं सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ती वस्तू धाकट्यापासून लांबच ठेवा. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, तडक रुग्णालय गाठायचं. दुसरी वस्तू म्हणजे छोटे ताकदवान लोहचुंबक. एकापेक्षा जास्त गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेढ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत दाबून भोक पाडतात.

मग थोरल्याने बारीक ठोकळ्यांशी खेळायचंच नाही का? खेळायचं, पण टेबलावर, काठ असलेल्या मोठ्या ताटात आणि शक्यतो धाकटा झोपलेला असताना. खेळ संपला की ताट उचलून झाकणाच्या डब्यात रिकामं करायचं आणि डबा वर ठेवायचा. 'जमिनीवर सांडलेला तुकडा आधी उचलायचा, मग पुढचा खेळ' हा एकच नियम पाच वर्षांच्या मुलाला पाळता येतो. 'धाकट्यावर लक्ष ठेव' हा पाळता येत नाही, तो त्याच्यावर टाकूही नका.

खणांची कपाटं, पुस्तकांचे रॅक आणि टीव्ही भिंतीला पट्ट्यांनी घट्ट बांधलेच पाहिजेत. खण एकेक ओढून त्याचा जिना करणं हा शोध प्रत्येक घरात नव्याने लागतो, आणि दोघं मिळून चढले की कपाटाचा तोल लवकर जातो. खिडकीच्या गजांमध्ये १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. खिडकीखाली खाट, खुर्ची, खोका असं चढण्याजोगं काही नको. दुमजली खाट घेणार असाल तर वरचा मजला सहा वर्षांनंतर.

दांडगाई आणि मारामारी

दोन मुलगे एकमेकांच्या अंगावर पडले की मोठ्यांच्या तोंडून आपोआप 'थांबा' निघतं. पुष्कळदा ते वाया जातं, कारण चाललेली असते ती नुसती दांडगाई. फरक चेहऱ्यावर दिसतो. खेळात तोंड हसरं, हात सैल असतात. पडलेला उठून पुन्हा अंगावर धावतो, आणि थोरला मध्येच मुद्दाम हरतो. भांडणात ओठ आवळलेले, नजर रोखलेली, मूठ वळलेली असते, आणि एक जण निसटायला बघत असतो. ही निसटण्याची धडपड दिसली की मध्ये पडायचं. तोवर दाराशी उभं राहून बघितलं तरी चालतं.

दांडगाईला बंदी घातली की ती पलंगावर, जिन्यात, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर जाते. त्यापेक्षा तिला जागा द्या. जमिनीवर गादी, चारही बाजूंना हातभर मोकळी जागा, जवळ टेबलाचा कोपरा नाही. नियम चारच: मान आणि डोकं धरायचं नाही, लाथ मारायची नाही, हातात वस्तू नाही, आणि कोणीही 'बस' म्हटलं की दोघांनी पुतळा व्हायचं. हा 'बस' शांत वेळी, खेळ म्हणून पाच-सहा दिवस घोटून घ्यावा लागतो. ऐन झटापटीत पहिल्यांदा शिकवलेला शब्द कानात शिरत नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. जेवल्याजेवल्या नको, आणि झोपण्याआधीच्या तासाभरात तर मुळीच नको.

खरी मारामारी असेल तर लांबून ओरडू नका. जवळ जा, गुडघ्यावर बसा, दोघांच्या मध्ये हात घाला. बोलणं आखूड ठेवा: "मारायचं नाही. मी हात धरलाय." रागाने लाल झालेल्या मुलाला चारपेक्षा जास्त शब्द ऐकू येत नाहीत असंच समजा. दोघांना दोन बाजूंना, पण तुमच्या नजरेसमोर बसवा. श्वास शांत व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, थोरल्याला कधी जास्तही.

बहुतेक घरांत इथे एक ठरलेली चूक होते. रडणाऱ्या धाकट्याला उचलून घेतलं जातं आणि थोरल्याला ओरडा बसतो. चार-सहा वेळा असं झालं की धाकटा शिकतो, जोरात भोकाड पसरलं की उचलून घेतात. थोरला शिकतो, मारायचं तर कोणी बघत नसताना. 'आधी कोणी सुरू केलं?' हा प्रश्नही सोडून द्या. तुम्ही पाहिलेलं नसतं, आणि दोघांकडे तयार उत्तर असतं. जे दिसलं तेवढंच बोला: "एक ट्रक आहे आणि दोघांना हवाय." मग थोरल्याला एक वाक्य बोलू द्या. धाकट्याला शब्द सापडत नाहीत, त्याच्या वतीने तुम्ही बोला. जबरदस्तीचं 'सॉरी' वसूल करण्यात हशील नाही. त्याऐवजी काहीतरी नीट करायला लावा: पाडलेला मनोरा पुन्हा रचायला मदत, लागलेल्या जागी धरायला ओलं फडकं आणून देणं.

धाकटा चावत असेल तर अचंबा नको. बोलता येण्याआधी दात येतात. चावलेली जागा साबण-पाण्याने धुवा. कातडी फाटून रक्त आलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. उलट त्याला चावून 'बघ कसं दुखतं' असा धडा देऊ नये. त्यातून एवढंच कळतं की मोठी माणसंही चावतात.

वस्तूंवरच्या भांडणांना आधीच थोडा आळा घालता येतो. पाळीसाठी वाळूचं घड्याळ ठेवा: धाकट्याच्या डोळ्यांदेखत सांडणारी वाळू त्याला कळते, 'पाच मिनिटं थांब' कळत नाही. त्याची वाट बघण्याची ताकद दोन-तीन मिनिटांची, थोरल्याची पाच-सातची. पाळी वाळू संपवते, आई किंवा बाबा नाही, यात अर्धं भांडण मिटतं. चेंडू, बसून चालवायची गाडी, खडू अशा गोष्टी दोन घ्या आणि एकाच रंगाच्या घ्या. 'दोघांना वेगळे रंग म्हणजे गोंधळ नाही' हा मोठ्यांचा हिशोब आहे. अडीच वर्षांच्या मुलाला नेहमी दुसऱ्याच्या हातातलाच रंग हवा असतो. शिवाय दोघांना एकेक खोका असा द्या, ज्यातलं काही वाटून घ्यावं लागणार नाही. त्यात काय ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

'तू मोठा आहेस ना, समजून घे' हे वाक्य दिवसातून किती वेळा निघतं ते एकदा मोजा. थोरला पाचच वर्षांचा आहे. तासभर खपून उभारलेला पूल धाकट्याने लाथाडला तर त्याची तक्रार रास्त आहे, आणि ती रास्त आहे असं त्याला मोठ्याने सांगायला हवं. चहाडीचंही तसंच. 'सांगायला येऊ नकोस' म्हटलं तर खरा धोका असेल तेव्हाही तो येणार नाही. विचारा: "त्याला काही होईल म्हणून सांगतोयस, की त्याला ओरडा बसावा म्हणून?" महिनाभरात तो स्वतःच फरक करायला लागतो.

भांडणं फारच वाढली असतील तर चार दिवस एका कागदावर वेळ, जागा आणि कारण लिहा. सहसा दोनच वेळा पुन्हा पुन्हा येतात: रात्रीच्या जेवणाआधीचा तास आणि झोपेआधीचा तास. मग स्वभाव बदलण्याच्या मागे न लागता जेवण अर्धा तास अलीकडे आणा, आणि त्या तासात दोघांना वीस मिनिटं वेगवेगळ्या खोलीत, वेगवेगळ्या कामाला लावा. दिवसातून दहा-पंधरा मिनिटं प्रत्येकाला एकट्याला मिळाली तर आणखी फरक पडतो. त्या वेळात फोन नाही, शिकवणं नाही, खेळ त्याच्या मर्जीचा.

डोक्याला मार लागला तर पुढचं लक्षात असू द्या. क्षणभरही शुद्ध हरपणं, पुन्हा पुन्हा उलट्या, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी, नेहमीपेक्षा वेगळी सुस्ती किंवा जाग न येणं, चालताना झोकांडी, कानानाकातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय. दात पडला तर तो दुधाचा की कायमचा ते बघा. दुधाचा परत बसवायचा नसतो. सहाव्या वर्षाच्या आसपास आलेला कायमचा दात मुळाकडून न धरता वरच्या पांढऱ्या भागाला धरावा, दुधात ठेवावा आणि अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचावं.

न्हाणीघर

दोघांची आंघोळ एकत्र उरकता येते, पण मोठं माणूस पूर्ण वेळ हाताच्या अंतरावर हवं. टॉवेल, कपडे, साबण आधीच आत घेऊन जा. दार वाजलं तर वाजू द्या, किंवा दोघांना बाहेर काढून मग उघडा. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि ते आवाज न करता बुडतं. 'थोरला आहे ना आत' ही सोय इथे चालत नाही. आंघोळ झाल्यावर बादली, टब लगेच रिकामे करा. पाणी ३७-३८ अंश पुरे. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा, गरम लागता कामा नये. आधी थंड पाणी ओतून मग गरम मिसळायचं, उलट नाही.

बाहेर काढताना थोरल्याला आधी. तो समोर उभा राहून स्वतः अंग पुसतो, चड्डी घालतो, आणि तोवर धाकटा तुमच्या हातात असतो. धाकट्याला आधी काढलं तर तो ओल्या फरशीवर पळतो, आणि तुमची पाठ पाण्यात असलेल्या थोरल्याकडे होते.

मुलग्यांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण घरोघरी यात हात घातला जातो. शिश्नाची पुढची कातडी लहानपणी आतल्या भागाला चिकटलेली असते. ती ओढून मागे सारायची नाही, रोज थोडी थोडीही नाही. ती आपोआप सुटते, कुणाची तीन-चार वर्षांत, कुणाची वयात येईपर्यंत. ओढल्याने चीर पडते, तिथे वण होतो, आणि कातडी खरोखरच घट्ट होऊन बसते. बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरेसं. ती आपोआप मागे जायला लागली की हळूच धुऊन पुन्हा पुढे आणायला शिकवा. मागेच अडकून राहिली तर सूज येते आणि तातडीने डॉक्टर लागतो. शू करताना दुखणं, लाली, सूज, फार बारीक धार असेल तर दाखवून घ्या.

एका वृषणात अचानक जोराची कळ आली, सूज आली, बरोबर उलटी झाली तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. वृषणाला पीळ पडला असेल तर ते वाचवायला साधारण सहा तासच असतात. मुलगे लाजून 'पोटात दुखतंय' असंच सांगतात, म्हणून पोटदुखीत चड्डीखालीही बघावं. खेळताना तिथे लाथ बसली तर कळ सहसा तासाभरात उतरते. न उतरल्यास हाच नियम. चेनच्या पँटी पाच-सहा वर्षांपर्यंत टाळा, त्यानंतरही आत चड्डी असल्याशिवाय नको. कातडी चेनमध्ये सापडलीच तर चेन वरखाली ओढू नका. पँटचं कापड भोवतीने कापून मोकळं करा आणि डॉक्टरांकडे न्या.

धाकट्याला शू-शी शिकवताना सुरुवात बसूनच करावी. उभं राहायला आधी शिकवलं तर मग शीसाठी बसायला तो नकार देतो आणि बद्धकोष्ठता सुरू होते. पायाखाली चौरंगासारखं काहीतरी द्या, पाय लोंबकळत असतील तर जोर लागत नाही. दोन तास चड्डी कोरडी राहते आहे, झाल्यावर तरी तो सांगतो आहे, एवढं दिसलं की सुरू करा. थोरल्याला उभा बघून तो नक्कल करणारच. कमोडमध्ये कागदाचा कपटा टाकून नेम धरायला दिला तर फरशी वाचते.

रात्रीचा कोरडेपणा ही वेगळी गोष्ट आहे आणि ती शिकवून येत नाही. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं नेहमीचंच, मुलग्यांत जरा जास्तच. थोरला ओला आणि धाकटा कोरडा असंही होतं. तेव्हा दोघांसमोर त्याची चर्चा करू नका. गादीवर प्लास्टिकचं अस्तर, त्यावर चादर, त्यावर पुन्हा अस्तर, पुन्हा चादर असे दोन थर घाला. रात्री दोनला वरचा थर ओढून काढला की काम संपतं. सहा महिने कोरडा राहिलेला मुलगा पुन्हा ओला व्हायला लागला, किंवा फार पाणी पिऊ लागला, तर डॉक्टरांना सांगा.

दात घासताना पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवावा.

झोप

आकडे माहीत असले की वाद कमी होतो. दिवसाची डुलकी धरून १ ते २ वर्षांना ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांना १० ते १३ आणि ६ ते १२ वर्षांना ९ ते १२ तास झोप लागते. सकाळी साडेसहाला उठायचं असेल आणि थोरल्याला साडेदहा तास लागत असतील तर रात्री आठला दिवा मालवलेला हवा. तयारी सव्वासातला सुरू. धाकट्याची दुपारची झोप तीनच्या पुढे गेली तर रात्री तो थोरल्यालाही जागवतो.

एकाच खोलीत झोपवताना धाकट्याला वीस-तीस मिनिटं आधी झोपवा. त्या वेळात थोरल्याला बाहेर गोष्ट वाचून दाखवा. त्याला तो मोठेपणाचा मान वाटतो, आणि एकट्याचा वेळही त्यातच साधतो. क्रम रोज तोच: आंघोळ, दात, शू, गोष्ट, अंधार. टीव्ही आणि फोन तासभर आधी बंद. वेळ अलीकडे आणायची असेल तर एकदम तासभर ओढू नका, दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं.

सकाळची गडबड सकाळी सुटत नाही. आदल्या रात्री दोघांचे कपडे चड्डी-मोज्यासकट मांडून, दप्तर आणि बूट दाराशी ठेवले की निम्मं काम झालं. धाकट्याला 'हे घालायचं की ते' असे दोनच पर्याय द्या, आणि त्याचे बूट अगदी शेवटी.

औषध आणि कपडे

दोघं एकदम तापले तर चूक होते ती मापात. पॅरासिटामॉल वजनावर देतात, एका वेळी किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांत किमान चार तास, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. १२ किलोच्या धाकट्याला १८० आणि २० किलोच्या थोरल्याला ३०० मिलिग्रॅम. पण बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असेल तर धाकट्याला साडेसात मिलिलिटर, २५० असेल तर ३.६ मिलिलिटर. थेंबांचं औषध त्याहून कितीतरी तीव्र असतं. म्हणून बाटली आणली की डॉक्टरांकडून दोघांचे मिलिलिटर लिहून घ्या आणि कागद कपाटाच्या दारावर चिकटवा. खाली रकाने आखा: नाव, वेळ, कोणी दिलं. आईने दिलेलं बाबा पुन्हा देतात ते या शेवटच्या रकान्याअभावी. चमचा नको, मापाची सिरिंज वापरा.

एकाला कांजिण्या झाल्या तर दुसऱ्याला त्या उठायला १० ते २१ दिवस लागू शकतात. पुरळ दिसण्याआधी दोन दिवसांपासूनच लागण सुरू झालेली असते, तेव्हा वेगळ्या खोलीचा फारसा उपयोग नसतो. दुसऱ्याला लस द्यायची का ते मात्र लगेच विचारून घ्या. उवा झाल्या तर दोघांची डोकी एकाच दिवशी तपासायची, नाहीतर त्या इकडून तिकडे फिरत राहतात.

कपड्यांच्या ढिगात कोणाचं काय हे ओळखायला नाव घालू नका, न पुसणाऱ्या शाईचा ठिपका घाला. थोरल्याचा एक ठिपका, धाकट्याचे दोन. थोरल्याचा सदरा आखूड झाला की त्यावर आणखी एक ठिपका दिला की तो धाकट्याचा. बूट मात्र असे खाली उतरवू नका. वापरलेल्या बुटाचा तळ पहिल्या पावलाप्रमाणे झिजलेला असतो. टाच एका बाजूला कललेली असेल तर तो बूट कितीही नवा दिसला तरी बाद. बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. धाकट्याची दर तीन महिन्यांनी बघा, उभं करून, दोन्ही पायांची.